बिनचुन्याचे मोरचूद

माझ्या पत्नीची सावली पडली की वेल जळतो, असे आमच्या आळीत सुमारे तीस वर्षे मानले गेले. तो वेल मी जाळला होता. ही गोष्ट पहिल्या दिवसापासून मला ठाऊक होती आणि इतकी वर्षे मी ती कोणालाही सांगितली नव्हती, तिला तर नाहीच. आता पन्नाशी उलटल्यावर ती लिहून ठेवतो आहे. लिहिण्याने अपराध हलका होत नाही, एवढे मला समजते. पण कोणत्या क्रमाने एक शांत स्वभावाचा म्हणवणारा माणूस सूडाच्या आहारी गेला, हे निदान स्वतःशी तरी नीट मांडावे, असे वाटते.

अकोल्याच्या जुन्या शहरात आमचे घर आणि माझ्या धाकट्या काकांचे घर एकमेकांना लागून होते. मागे दोघांची परसे, आणि परसांच्या मध्ये तुराट्यांचे कुंपण. आम्ही माळी. भाजीपाला हाच आमचा पिढीजात धंदा. पण परसात जे लावायचे ते घरच्यासाठी आणि आळीसाठी. काका ऐन तारुण्यात गेले. काकूने पदरच्या लहान मुलासह घर सांभाळले, आणि परसात तिने कोहळी लावली. तांबड्या भोपळ्याला आमच्याकडे कोहळे म्हणतात. गूळ आणि कणीक घालून त्याचे बोंडे तळले नाहीत तर आमचा सण पुरा होत नाही. काकूच्या कोहळ्याला जो दाट केशरी गर होता तो बाजारातल्या कोणत्याही फळाला नव्हता. विधवा म्हणून तिला हळदीकुंकवाचे बोलावणे कोणी करीत नसे. परंतु पोळा जवळ आला की त्याच बायका कोहळे मागायला तिच्या दाराशी उभ्या राहत. त्या परसात मात्र सगळ्यांना तिचे ऐकावे लागे.

तिचे नियम कडक होते. कोवळ्या फळाकडे सरळ बोट दाखवायचे नाही, बोट वाकवून दाखवायचे. नाहीतर फळ कुजते. वहाणा घालून आत यायचे नाही. अडचणीच्या दिवसांत बायकांनी कुंपणाजवळही फिरकायचे नाही. आम्ही सगळे हे पाळत आलो. पुढे अमरावतीच्या सरकारी बागेत मी कामदार म्हणून लागलो, तेव्हा साहेबाला रोगट फळ दाखवताना माझे बोट आपोआप वाकले आणि साहेब हसला. मला त्याचे हसणे आवडले नव्हते.

लग्नानंतर मी बदली मागून अकोल्याला परत आलो. पत्नी अमरावतीची. पहिल्याच वर्षी तिला दिवस गेले आणि ज्येष्ठात ते मूल पोटातच गेले. त्यानंतर ती फारशी बोलत नसे. पोळ्याच्या आधी एका सकाळी ती टोपली घेऊन कोहळ्याची फुले मागायला काकूकडे गेली. भजी करायची होती. मी आमच्या परसात वालाच्या मांडवाआड होतो. पलीकडे आळीतल्या चार बायका काकूभोवती उभ्या होत्या. त्या वर्षी काकूची कोवळी फळे सुपारीएवढी होऊन पिवळी पडत आणि गळत.

"थांब तिथंच," काकूचा आवाज आला. "कुंपनाच्या आत पाय टाकू नको."

"काहून, काकू?"

"मलेच इचारते काहून म्हनून. जिच्या पोटात फळ ठरत नाई, तिची सावली पडली का वेलावरबी ठरत नाई. पाह्य ना, सारे गळून राहिले."

एक बाई हसून म्हणाली, "अमरावतीची सून हाये, बाप्पा. तिले कोनं सांगतलं असन आपल्या इकडची रीत."

"रीत नसन माहीत, पन आपलं दुःख तं माहीत असन ना," काकू म्हणाली. "आपल्या घरी बसावं मानसानं."

पत्नी रिकामी टोपली घेऊन परत आली. मला तिने एक शब्द सांगितला नाही, आणि मी ऐकले आहे हे मीही तिला सांगितले नाही. मी तेव्हाच कुंपणाशी जाऊन बोलायला हवे होते. काकू माझी वडीलधारी होती, बायका समोर होत्या, आणि मी मृदू बोलणारा म्हणून नावाजलेला. माझ्या मृदूपणाचे त्या काळी फार कौतुक होत असे. त्या मृदूपणाखाली काय साठते, ते मलाही ठाऊक नव्हते.

मी ते वाक्य विसरलो नाही. ज्वारी निंदताना, बागेत रोपे मोजून देताना, जेवताना, ते माझ्या कानात येई. काकूचा मुलगा तापाने आजारी पडला तेव्हा मी त्याला टांग्यातून डॉक्टरकडे नेले, आणि वाटेत मी विचार करीत होतो तो एवढाच, की हिचे असे काय आहे की जे गेले असता हिला तोंड वर करता येणार नाही. उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नव्हते. ते कुंपणापलीकडे रोज दिसत होते.

संधी पुढच्याच वर्षी आली. भाद्रपदात झड लागली. आमच्याकडे आठ-आठ दिवस ऊन पडत नाही अशा भिजपावसाला झड म्हणतात. झड उघडली तेव्हा काकूच्या वेलांवर बुडाकडच्या पानांना पिवळे डाग दिसू लागले. एका सकाळी तिने स्वतःच कुंपणाजवळून मला हाक मारली.

"पाह्य रे बाबा, काय झालं याले. पान वाळून राहिलं. आवंदा तं म्या तुया बायकोले जवळबी येऊ देल्लं नाई."

शेवटचे वाक्य तिने सहज उच्चारले. त्यात माझ्या मनाला लागेल असे काही आहे, हे तिच्या ध्यानातही नव्हते.

मी आत गेलो. वहाणा बाहेर काढल्या. डाग शिरांच्या मध्ये अडकलेले, म्हणून कोनाकोनाचे दिसत होते. कोणीतरी पानावर पिवळी चौकट आखावी तसे. पान उलटले. खालच्या बाजूला दव होते, आणि त्या दवात करड्या, किंचित जांभळट रंगाची बारीक बुरशी उभी होती. ऊन चढले की ती दिसेनाशी होते; म्हणून हा रोग सकाळी पाहावा लागतो. याला केवडा म्हणतात. अमरावतीच्या बागेत काकडीवर आणि दोडक्यावर मी तो वर्षभर पाहिला होता. पांढरे पीठ शिंपडल्यासारखी येते ती भुरी निराळी. ती थंडीच्या सुरुवातीला येते आणि तिला गंधकाची भुकटी लागते. केवड्याला खालची रोगट पाने तोडून जाळावी, वेल मोकळे करून वारा खेळू द्यावा, पाणी पानांवर न टाकता बुडाशी द्यावे, आणि मोरचूद व चुना यांचे मिश्रण पानांच्या दोन्ही बाजूंना मारावे. एवढे केले तर वरची पाने आणि धरलेली फळे वाचतात.

ते पान हातात धरून मी तिला म्हणू शकलो असतो: काकू, ही बुरशी पाहा, कोणाच्या सावलीने ही येत नाही, मागच्या वर्षीची फळेही कोणाच्या सावलीने गळली नव्हती. माझ्या पत्नीवरचा आळ त्या एका सकाळी उतरला असता. हे मला तेव्हाही कळत होते, नंतर सुचलेले नाही. परंतु मी मनाशी जो हिशेब केला तो असा, की मग हिचा वेलही वाचेल. ही क्षणभर ओशाळेल, आणि सणाला पुन्हा दारात बायका उभ्या राहतील. तेवढे मला पुरेसे वाटले नाही.

"मोरचूद हाये का घरात?" मी विचारले.

"हाये ना. बेन्याले आनलं होतं त्यातलं उरलं."

ज्वारीला काणी लागू नये म्हणून बियाणे मोरचुदाच्या निळ्या पाण्यात भिजवून पेरायची रीत त्या वर्षांत घरोघर रुळली होती. त्या निळ्या पाण्यावर लोकांचा फार विश्वास बसला होता. जे बियाणे राखते ते पानही राखेल, असे कोणालाही वाटले असते. आणि मी त्याच विश्वासावर पाय ठेवला.

"तेच पान्यात कालव आन निंबाच्या डाहळीनं शिंपड. जराक घट्ट कर. पातळ केलं तं रोग हटत नाई."

तिला काहीतरी आठवले. "तू मागं सांगे का साहेब त्यात चुना टाकते."

"ते संत्र्याले, काकू. कोहळ्याले चुना चालत नाई."

"असं का?"

"पान भाजते चुन्यानं," मी म्हणालो.

खरे होते ते याच्या बरोबर उलट. चुना नसलेले मोरचूद कोवळ्या पानाला जाळते. चुना त्याला शांत करतो. आणि विश्वास बसावा म्हणून मी एक खरी गोष्टही जोडून दिली: "लोखंडाची बादली घेऊ नको मात्र. मोरचूद लोखंड खाते. मातीचं भांडं घे."

काकूकडचे मोठे मडके तडकलेले होते. आमच्या बाजूला पत्नी धुणे वाळत घालीत होती. तिने बोलणे ऐकले आणि घरातला नवा माठ आणून कुंपणावरून पुढे केला. काकूने जरा विचार केला, मग पदर हातावर घेऊन तो माठ धरला. दुपारी जेवायला वाढताना पत्नी म्हणाली, "काकूनं माया हातचा माठ घेतला." पुष्कळ दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटले होते. मी भाकरी मोडली आणि जेवत राहिलो. त्या वेळीही उठून चार पावले जाता आले असते. काकू अजून पाणी कालवीतच होती.

संध्याकाळी पलीकडून डहाळी झटकल्याचा आवाज येत राहिला. काकू काम मन लावून करी. ती एकही पान सोडणार नाही, हे मला माहीत होते, आणि त्यात मला समाधान वाटत होते. ते समाधान कसे होते, ते प्रामाणिकपणे सांगायचे तर, गोड होते. भुकेल्या माणसाला अन्नाचा वास यावा तसे.

आमच्या परसातल्या दोडक्याच्या वेलांवरही केवड्याचे दोन-चार डाग आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी, काकू नदीवर गेलेली पाहून, मी माझे मिश्रण केले. एका भांड्यात मोरचूद, दुसऱ्यात विरवलेला चुना. मोरचूद चुन्यात ओतून हलवले. घासलेला चाकू त्यात बुडवून पाहिला. चाकूवर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, असे समजावे. थर चढला नाही. मग मी प्रत्येक पान उलटून फवारले. आपले वेल वाचावेत यापेक्षा ते तिच्या जळक्या वेलांशेजारी हिरवे दिसावेत, ही माझी इच्छा अधिक होती.

पुढे लख्ख ऊन पडले. पहिल्या दिवशी पलीकडची पाने कडेने काळवंडली; मग आत वळली; मग उकडल्यासारखी होऊन देठाला लोंबकळू लागली. शेंडे गेले. उघडी पडलेली फळे उन्हाने एका बाजूला पांढरी झाली आणि तिथून मऊ पडली. मी कामावर जाताना आणि येताना कुंपणाच्या फटीतून पाहत असे. बघून मला धडकी भरायला हवी होती. मला वाटत होते ते असे, की अजून एक वेल उभा आहे, तोही जावा.

काकू ओरडली नाही. ती कुंपणाशी आली तेव्हा आळीतल्या दोघीतिघी तिच्या मागे होत्या. मी ओसरीवर होतो. तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

"बाहीर ये व," ती माझ्या पत्नीला म्हणाली. "तुया माठातलं पानी शिंपडलं म्या. पाह्य काय केलं त्यानं."

"माठ तं नवा होता, काकू. मी धुऊन देल्ला."

"तुया हातचा होता ना? म्या येडी, घेतला." मग तिने आमच्या वेलांकडे पाहिले. बोट वाकवूनच दाखवले, त्या रागातही. "आन तुमचा कसा हिरवा? एकाच पान्यात, एकाच मातीत. दुसऱ्याचं खाऊन आपलं भरते काही जनी."

मागची एक म्हणाली, "म्या मागंच म्हनलं होतं."

सूड घेणाऱ्याला एक हाव असते: समोरच्याला कळावे, की हे कोणी केले आणि कशासाठी केले. माझ्या वाट्याला तेही आले नाही. मी दिलेला सल्ला काकूच्या लेखी सरकारी बागेतल्या माणसाचा सल्ला होता. तो चुकणे शक्यच नव्हते. चूक असेल तर माठात, हातात, सावलीत. आणि मी दिमाखाने राखलेले माझे हिरवे वेल माझ्या पत्नीविरुद्धचा पुरावा झाले.

पत्नी माझ्याकडे वळली. "तुमी सांगा ना. त्या पानायले रोग होता ना?"

काकू, त्या बायका आणि ती, सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. रोग होता म्हटले तर रोगाला औषध काय दिले, हा प्रश्न येणार. औषध निघाले की चुना निघणार. मी म्हणालो, "असनही. मले नक्की सांगता येत नाई."

ती आणखी काही विचारील असे मला वाटले होते. तिने धुण्याची बादली उचलली आणि ती आत गेली.

वेल जाळणे हा माझा सूड होता. पण हे वाक्य माझे पाप आहे. गेली कित्येक वर्षे मी दोन्हींचे वजन करून पाहिले आहे आणि दर वेळी हेच अधिक भरते.

त्यानंतर तिला बारशाला बोलावणे बंद झाले. एखादी नवी सून आमच्या ओसरीवर टेकली तर तिची सासू हाक मारून तिला उठवी. आम्हाला पुढे मूल झाले नाही, आणि आळीला ते उत्तरासारखे वाटले. काकूने परसात कोहळी लावणे सोडले, तिथे तिने मिरच्या लावल्या. मी तिचा द्वेष करीत राहिलो. माणूस ज्याचे वाईट करतो त्याचा द्वेष करणे त्याला सोपे जाते. मी तर माझ्या अपराधाचे ओझेही तिच्याच खात्यावर टाकले. ती ते शब्द बोलली नसती तर मला असे वागावे लागले नसते, हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितले की ते मला पाठ झाले.

कामानिमित्त मी पातूरच्या बाजूला खेडोपाडी फिरे. शेतकऱ्यांना मिश्रण करून दाखवताना चुन्याविषयी मी इतके बजावून सांगे, की लोक हसत. "चुन्याचे साहेब आले," असे ते म्हणत. त्यांना माझी तळमळ वाटे. मी मान खाली घालून चाकू बुडवून दाखवीत असे.

एका वर्षी माझ्या लक्षात आले की पत्नी आमच्या परसातही भर उन्हात जात नाही. भाजी तोडायची असेल तर ती ढग येण्याची वाट पाहते, नाहीतर दिवस कलल्यावर जाते. मी कारण विचारले.

"तवा सावली नसते," ती म्हणाली, "आपल्या वेलायले तरी कशाले तरास."

ती हे दुःखाने म्हणाली नाही. अंगणात सडा का टाकायचा हे सांगावे तसे म्हणाली. तोवर मी समजत होतो की लोक तिच्यावर आळ घेतात आणि ती तो सोसते. तिने तो खराच मानला होता. तरीही मी त्या दिवशी बोललो नाही. मी म्हणालो, "ऊन फार हाये, खरंच," आणि आत आलो. भित्रा माणूस किती काळ भित्रा राहू शकतो, याला मर्यादा नाही.

गेल्या पावसाळ्यात काकूच्या घरी नातसून आली. मुलगी तेल्हाऱ्याकडची, बोलकी, कोणाला न विचारता तिने परसात पुन्हा कोहळी लावली. भाद्रपदात झड झाली, आणि उघडीप पडताच ती कुंपणाशी आली. मी ओसरीत बसलो होतो. पत्नी विहिरीवर होती.

"मोठ्या आई," ती माझ्या पत्नीला म्हणाली, "वेलाले पिवळे डाग पडून राहिले. मोठ्या बाबांले बोलवा ना. नाईतर तुमीच या, पाहा जरा."

काकू आता मागच्या ओसरीतल्या बाजेवरच असते. दिसते कमी, ऐकू सगळे येते. आतून तिचा आवाज आला, "तिले आत नको घेऊ व. तुले दिवस हायेत. तिले म्हन, तिथूनच परत जाय."

मुलगी गोंधळली. माझ्या पत्नीनेच तिला सोडवले. ती हसली आणि म्हणाली, "बरोबर हाये त्यायचं. मी येत नाई, बेटा. मी यायले धाडते."

तिने वळून माझ्याकडे पाहिले, मी जावे म्हणून. त्या नजरेत तक्रार नव्हती.

मी उठलो. काकूला सांगायचे म्हणून तीस वर्षे घासून ठेवलेले एक वाक्य माझ्याजवळ होते. तू मूर्ख होतीस. तुझ्या वेलाला माठाने नाही, तुझ्याच जिभेने जाळले. पलीकडे पोहोचेपर्यंत ते माझ्या ओठांवर होते, आणि खरे सांगायचे तर, त्याची मला अजूनही चव येत होती. बाजेशी जाऊन उभा राहिलो तेव्हा काकूने डोळे बारीक करून कोण आले ते पाहिले. तिचा हात वाळून काटकी झाला होता. ते वाक्य तिला मारता आले असते. पण त्यात माझ्या पत्नीसाठी काहीच नव्हते. पहिल्या सूडातही तिच्यासाठी काही नव्हते. मी मात्र तो तिच्यासाठी घेतला असे मानत आलो.

मी मागे वळलो आणि पत्नीला हाक मारली. ती कुंपणाबाहेरच उभी राहिली.

"इथं ये. तुले आयकायचं हाये."

"मी इथूनच आयकते."

"बरं, तिथूनच आयक." मी बाजेकडे वळलो. "काकू, तूबी आयक. त्या साली तुया वेलावर केवडा पडला होता. हिचा माठ चांगला होता. हिची सावलीबी चांगली होती. मोरचुदात चुना टाकावा लागते, ते मले माहीत होतं. मी तुले मुद्दाम नको म्हनलं. तू हिले बोलली होती, त्याचा राग होता माया मनात. वेल मी जाळला."

नातसून एकदा काकूकडे, एकदा माझ्याकडे पाहत होती. मी पत्नीकडे वळलो. ती कुंपणाची तुराटी धरून उभी होती.

"तू इचारलं होतं मले, रोग होता ना म्हनून. होता. मले नक्की माहीत होतं. मी तुयाच तोंडावर खोटं बोललो, आन तू तीस वर्स ते खरं समजून वागली. काकूचा मी गुन्हेगार हावो, पन तुया जास्त. तुयी माफी मागतो मी. सगळ्यायच्या समोर मागतो."